लहान घरात मुलांच्या खेळासाठी जागा : सोलापूरच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात बालवाडी चालवताना आणि मुलांच्या घरी जाणे-येणे ठेवताना पालकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. साखर पेठेतल्या जुन्या वाड्यातली खोली, कुंभारीजवळचे घरकुल आणि जुळे सोलापुरातला एका बेडरूमचा फ्लॅट यांची रचना वेगवेगळी असली, तरी प्रश्न विचारणाऱ्या आईच्या आवाजातली काळजी सारखीच असते.

आमच्याकडे एक खोली आणि स्वयंपाकघर एवढेच आहे. त्यात मुलासाठी वेगळी जागा काढणे खरोखर शक्य आहे का?

शक्य आहे. मुलाला खोली लागत नाही. रोज त्याच ठिकाणी सापडणारी आणि त्याला न विचारता कोणी मोडणार नाही अशी जागा लागते. ती किती मोठी असावी, याचे माप आपल्या घरातच आहे. एकेरी सोलापुरी चादर साधारण ५ फूट रुंद आणि साडेसात फूट लांब असते. ती मधोमध दुमडून अंथरली की जेवढी जमीन झाकली जाते, म्हणजे सुमारे १९ चौरस फूट, तेवढी जागा पाच वर्षांपर्यंतच्या एका मुलाला बसून खेळायला पुरते. प्रधानमंत्री शहरी आवास योजनेच्या २०१५ पासूनच्या पहिल्या टप्प्यात दुर्बल घटकांसाठीच्या घराचे चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट होते. त्यातला हा जेमतेम सतरावा हिस्सा झाला.

चादरीचा आग्रह धरण्यामागे आणखी कारणे आहेत. तिची वीण जाड आणि अंगाला वजन असल्यामुळे ती पातळ चादरीसारखी पायाखाली गोळा होत नाही, डिसेंबरातल्या गार शहाबादी फरशीवर मुलाला बसवते आणि धुतली की दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला येते. शिवाय खेळ संपल्यावर तिची चारही टोके उचलून गाठ मारली की सगळी खेळणी एका बोचक्यात येतात. ज्या घरात रात्री त्याच जमिनीवर अंथरुणे पडतात, तेथे याहून सोपी व्यवस्था मला तरी दिसलेली नाही. चादर मात्र रोज त्याच कोपऱ्यात, त्याच बाजूने अंथरावी, म्हणजे ती अंथरली की आपली वेळ सुरू झाली, हे दीड-दोन वर्षांच्या मुलालाही कळू लागते.

कोपरा कोणता निवडावा?

जेथून काम करणाऱ्या माणसाला मूल दिसते आणि मुलालाही ते माणूस दिसते, तो कोपरा निवडावा. पालक हौसेने आतल्या खोलीत खेळणी मांडतात आणि मूल ती सगळी एकेक करून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आणून ठेवते. त्यात मुलाचा हट्ट नसतो, त्याला माणसाच्या जवळ खेळायचे असते. म्हणून स्वयंपाकघराच्या दाराबाहेरची, पण गॅसची शेगडी, इस्त्री आणि गरम भांडी यांपासून किमान चार-पाच फूट लांबची जागा बहुतेक घरांत योग्य ठरते. येण्याजाण्याची वाट टाळावी, कारण तेथे उभारलेले काहीही टिकत नाही.

दिवसाचा उजेड हवा, पण खिडकीखाली पलंग, पेटी किंवा खुर्ची असेल तर ती तेथून हलवावी. मूल चढते, आणि वरच्या मजल्यावर ग्रिल नसलेल्या खिडकीपाशी चढण्यासारखी वस्तू असणे फार धोक्याचे आहे. लोखंडी कपाटाच्या किंवा टीव्हीच्या अगदी पायथ्याशीही कोपरा करू नये. मूल खणांवर पाय ठेवून चढू लागले की कपाट पुढे कलंडू शकते. ते भिंतीला पट्टीने पक्के केलेले असावे.

खेळणी किती बाहेर ठेवावीत?

एका वेळी चार-पाच. मुलाकडे भरपूर खेळणी असूनही त्याला कंटाळा येतो, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते. अमेरिकेतील टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दीड ते अडीच वर्षे वयाच्या ३६ मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. समोर १६ खेळणी असताना ती मुले एकावरून दुसऱ्यावर जात राहिली; चारच असताना एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि त्याच खेळण्याशी अधिक प्रकारांनी खेळली.

उरलेली खेळणी पिशवीत भरून माळ्यावर ठेवावीत आणि दर आठ-दहा दिवसांनी अदलाबदल करावी. महिनाभराने खाली आलेली जुनी गाडी मुलाला नव्यासारखी वाटते. मात्र मुलाची लाडकी बाहुली किंवा झोपताना लागणारे फडके या फेऱ्यात कधीही घालू नये.

खेळणी ठेवण्यासाठी फर्निचर विकत घ्यावे का?

घेऊ नये, निदान सुरुवातीला तरी. मुलाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर वस्तू मांडलेली असावी, एवढीच खरी गरज आहे. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांनी आपले पहिले बालगृह १९०७ मध्ये रोममधील सान लोरेंझो या कष्टकरी वस्तीतल्या एका चाळवजा इमारतीत सुरू केले, आणि मुलांच्या उंचीचे फर्निचर व हाताला येणारी कपाटे ही आज महाग शाळांची ओळख बनलेली गोष्ट मुळात गरिबांच्या मुलांसाठी उभी राहिली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

भिंतीतला खालचा कोनाडा, भांड्यांच्या मांडणीचा सर्वांत खालचा कप्पा किंवा फळवाल्याकडची, खिळे काढून घासलेली लाकडी पेटी आडवी ठेवली तरी काम होते. तेलाचे पत्र्याचे डबे मात्र टाळावेत, त्यांची कापलेली कड हाताला लागते. एक मोठे खोल टोपले भरून ठेवण्याची पद्धतही सोयीची नाही, कारण तळाची वस्तू काढण्यासाठी मूल ते सगळेच उपडे करते आणि मग आपण त्यालाच रागावतो.

सोलापुरात आपल्याला एक सोय सहज आहे. किरकोळ दोषामुळे बाजूला काढलेला टॉवेल स्वस्तात मिळतो. असा एक जाड टॉवेल घ्यावा, खालचा भाग वर दुमडून त्यावर तीन-चार उभ्या शिवणी घालाव्यात आणि तयार झालेल्या खिशांचा हा पट्टा मुलाच्या छातीच्या उंचीवर भिंतीला लावावा. एका खिशात खडू, एकात चित्रांचे पुस्तक, एकात बाहुली. प्रत्येक खिशावर आतल्या वस्तूचे चित्र शिवले किंवा काढले, तर वाचता न येणारे मूलही वस्तू जागेवर ठेवते.

घर भाड्याचे आहे, घरमालक खिळा मारू देत नाहीत.

दाराच्या वरच्या कडेला अडकवायचे हूक वापरावेत किंवा टॉवेलचा पट्टा पलंगाच्या कठड्याला बांधावा. बांधलेल्या दोरीची टोके आखूड कापावीत. लोंबणारी दोरी लहान मुलाच्या गळ्याशी येऊ शकते. याच कारणासाठी तान्ह्या बाळासाठी बांधलेली साडीची झोळी मोठ्या भावंडाला झोका म्हणून वापरू देऊ नये आणि बाळ नसताना ती वर गुंडाळून ठेवावी. हा नियम घरातल्या सर्वांनी कसोशीने पाळावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, त्यामुळे घरात टिपाड, बादल्या, घागरी भरलेल्या असतात. रांगणाऱ्या बाळासाठी जागा करताना काय पाहावे?

या प्रश्नाचे उत्तर सर्वांनी वाचावे. सोलापूरकरांना साठवल्याशिवाय गत्यंतर नाही आणि या शहरातल्या घराचा सर्वांत मोठा धोका मला तोच वाटतो. बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते; ते बादलीत डोकावताना तोल गेला तर त्याला स्वतःला वर खेचून घेता येत नाही, आणि नाकातोंड बुडेल इतके काही इंच पाणीही त्याचा जीव घेऊ शकते. त्यात ओरडण्याचा किंवा पाणी उडाल्याचा आवाज बहुतेक वेळा होतच नाही, म्हणून ‘आवाज आला असता की’ या भरवशावर राहू नये.

टिपाडावर नुसते ताट किंवा पातळ प्लास्टिक झाकलेले पुरत नाही; घट्ट बसणारे झाकण हवे, आणि ते नसेल तर लाकडी फळी ठेवून वर मुलाला हलवता येणार नाही असे वजन ठेवावे. बादल्या शक्यतो मोरीत ठेवून मोरीच्या दाराला मुलाचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर कडी लावावी. दार नसेल तर आडवी फळी अडकवावी. रिकाम्या बादल्या पालथ्या घालाव्यात. टिपाडाशेजारी पाट, डबा किंवा स्टूल अशी चढायला पायरी होईल अशी वस्तू ठेवू नये. दोन-तीन वर्षांचे मूल ती बरोबर शोधते. घट्ट झाकणामुळे डेंग्यूचे डास पाण्यात अंडी घालत नाहीत, हा आणखी एक लाभ.

पाणी येण्याची वेळ ही सर्वांत गडबडीची वेळ असते. मोठी माणसे घागरी घेऊन पळत असतात, सगळी झाकणे उघडी असतात आणि मुलाकडे कोणाचेच लक्ष नसते. त्या अर्ध्या-पाऊण तासापुरते मूल एका ठरलेल्या माणसाकडे सोपवावे, मग ती आजी असो, शेजारच्या काकू असोत किंवा शाळकरी ताई असो, आणि त्या माणसाला पाण्याचे दुसरे काम सांगू नये.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली बसवत नाही. मुलांनी खेळायचे कोठे?

पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो तेव्हा कोपराही ऋतूप्रमाणे हलवावा लागतो. दुपारी अकरा ते पाच या वेळेत पश्चिमेची भिंत आणि पत्र्याला लागून असलेला माळा टाळावा. शहाबादी फरशीवर चादरही नको, उघडी फरशी दोनदा ओल्या फडक्याने पुसून तेथेच खेळू द्यावे. खिडकीला ओला जाड टॉवेल लावला तर कोरड्या हवेत चांगला गारवा येतो. कूलर असेल तर त्याची वायर आणि पाण्याचा ट्रे मुलाच्या आवाक्यात नसावा, जोडणीला अर्थिंग असावे आणि पाणी भरताना कूलर बंद करून प्लग काढावा. पळापळीचे खेळ सकाळी आठच्या आत आणि सूर्यास्तानंतर गच्चीवर किंवा अंगणात.

मी घरी विड्या वळते. मूल शेजारीच खेळत असते. चालेल का?

शेजारी खेळू द्यावे, पण पाने-तंबाखूच्या सुपापाशी नको. तंबाखू लहान मुलाच्या पोटात गेली तर निकोटिनची विषबाधा होते, आणि रांगते बाळ जमिनीवर सांडलेली भुकटी बोटाने उचलून थेट तोंडात घालते. पाने कापण्याची कात्रीही तेथेच पडलेली असते.

आपण बसता ती जागा आणि मुलाची चादर यांमध्ये निदान एक पेटी किंवा आडवा पाट असावा, पंख्याचा वारा मुलाकडून आपल्याकडे यावा, सूप उठताना प्रत्येक वेळी उंच ठेवावे आणि मुलाला जवळ घेण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. ज्या चादरीवर पाने-तंबाखू ठेवली जाते, ती मुलासाठी वापरू नये. हातावर पोट असताना हे सारे सांभाळणे किती अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. निदान सूप उंच ठेवणे आणि हात धुणे या दोन गोष्टी तरी आजपासून व्हाव्यात.

घरातले माणूस रात्रपाळी करून दुपारी झोपते. आवाज न होणारे खेळ कोणते?

यंत्रमागाच्या गावात हा प्रश्न घरोघरी आहे. ‘गप्प बस’ म्हणून मूल गप्प बसत नाही, म्हणून आवाज न करणारे साहित्य त्याच्या हाती द्यावे. चिंध्यांचा चेंडू, टॉवेलच्या तुकड्यांची बाहुली, कणकेचा गोळा, आणि माझ्या मते सर्वांत उत्तम म्हणजे सूत संपल्यावर उरलेले कागदी कोन. कारखान्यात ते सहज मिळतात. ते एकात एक घातले की लांब सोंड होते, उलटसुलट रचले की मनोरा होतो, कानाला लावले की कर्णा होतो आणि चादरीवर पडले तरी झोपलेल्या माणसाला कळत नाही. देण्यापूर्वी सुताचे उरलेले धागे काढून टाकावेत आणि कोन कोरड्या फडक्याने पुसावेत.

माझ्या मुलीने चार वर्षांची असताना अशा कोनांचे गोपूर उभारले होते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे यात्रेतल्या जत्रेला, जाऊन आल्यापासून तिचे ते काम तीन दिवस चालले होते. पाहुणे येणार म्हणून मी ते आवरून टाकले. ती रडली नाही. तिने कोन पुन्हा हातात घेतले नाहीत, एवढेच. तेव्हापासून अर्धवट राहिलेला खेळ पलंगाखाली सरकवता यावा म्हणून मी जुन्या मोठ्या परातीवर किंवा प्लायवुडच्या तुकड्यावर मांडायला देते. रात्री तो तसाच आत जातो आणि सकाळी तसाच बाहेर येतो.

भिंतीवर रेघोट्या ओढतात. काय करावे?

हक्काची भिंत द्यावी. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत काळ्या फळ्याचा रंग लावता येतो. रंग घेताना तो शिसेविरहित आहे, हे डब्यावर पाहावे. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० भाग प्रति दशलक्ष एवढी ठरवलेली आहे आणि तो नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे त्याआधीच्या जुन्या रंगाचे पोपडे मुलाच्या कोपऱ्यात राहू देऊ नयेत. रंग लावणे शक्य नसेल तर शहाबादी फरशी ही आयती पाटी आहे. ओल्या खडूने तिच्यावर ओढलेली रेघ आधी दिसत नाही आणि वाळता वाळता पांढरी उमटते. ते पाहण्यात मुले कितीतरी वेळ दंग होतात.

सागरगोटे, चिंचोके, बिट्ट्या असे जुने खेळ द्यावेत का?

पाच-सहा वर्षांच्या पुढे अवश्य द्यावेत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत आणि पुढे कोसबाडला जे काम केले, त्यात परिसरातल्या बिया, शिंपले, दगड हेच शिकण्याचे साहित्य होते. मात्र बिट्ट्यांबाबत माझे मत ठाम आहे: पिवळ्या कण्हेरीची बी विषारी असून तिचा परिणाम थेट हृदयावर होतो. गुंजाही विषारी आहेत. आपण लहानपणी त्यांच्याशी खेळलो आणि काही झाले नाही, हे आपले नशीब. घरात तीन वर्षांचे मूल असताना त्या ठेवू नयेत. तीन वर्षांखालील मुलाच्या घशात चिंचोका किंवा काचेची गोटीही अडकू शकते. साधारण ३ सेंटिमीटरपेक्षा लहान असलेली प्रत्येक वस्तू त्याच्या आवाक्याबाहेर असावी.

थोरला सात वर्षांचा आणि धाकटी दोन वर्षांची. कोपरा एकच आहे.

जमीन धाकटीची आणि उंची थोरल्याची, अशी वाटणी करावी. त्याचे बारीक तुकड्यांचे खेळ, गोट्या, कात्री, रंग हे सारे टेबलावर, वरच्या फळीवर किंवा पलंगावर मांडले जावेत. त्याने बांधलेले तिने मोडले तर ‘लहान आहे ती’ एवढ्यावर विषय संपवू नये. दादालाही न मोडली जाणारी जागा हवी असते.

गड्ड्यातून किंवा रस्त्यावरून खेळणी घ्यावीत का?

घ्यावीत, भातुकलीची बोळकी आणि लाकडी गाडी यांची हौस गड्ड्यातच पुरी होते. विजेवर किंवा बॅटरीवर चालणारे खेळणे घेताना आयएसआय चिन्ह पाहावे, जे १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. बटनासारखी चपटी बॅटरी असलेल्या खेळण्याचा कप्पा स्क्रूने बंद होत नसेल तर ते घेऊ नये. अशी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू लागते. शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

बसून खेळण्याने पुरेसा व्यायाम होतो का?

होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि त्यातली ६० मिनिटे दमवणारी असावीत. त्याच सूचनांत दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्याचा वेळ एका तासापेक्षा जास्त नसावा असे म्हटले आहे. घरात उशांचा डोंगर, फरशीवर खडूने आखलेले लंगडीचे चौकोन आणि चादरीवर बसवून एकमेकांना ओढणे एवढे जमते. बाकीचे गल्लीत, गच्चीच्या कठड्याआड किंवा बागेत. गच्चीवर मोठे माणूस सोबत असलेच पाहिजे.

सासूबाईंना पसारा सहन होत नाही.

त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे, कारण दिवसभर त्या घरात वावरणाऱ्या त्याच असतात आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवर पडलेली गाडी खरोखर धोक्याची असते. चादरीच्या आत असलेला पसारा पसारा मानायचा नाही आणि चादरीबाहेर आलेली वस्तू लगेच आत जायची, एवढा एकच नियम दोन्ही पक्षांना मान्य होतो, असा अनुभव आहे. आवरण्यापूर्वी मुलाला पाच मिनिटे आधी सांगावे. आजींनी स्वतः बोचक्याची गाठ मारायची आणि नातवाने ती सोडायची, असे काम वाटून दिलेल्या घरांत तक्रार फार लवकर मिटते.

सगळे केले, पण मूल त्या कोपऱ्यात जातच नाही.

पहिले चार-पाच दिवस आपण स्वतः त्या चादरीवर जाऊन बसावे. शेंगा सोलणे, कपड्यांच्या घड्या, भाजी निवडणे ही कामे तेथेच करावीत. काही सुचवू नये, खेळ शिकवू नये, फोन हातात घेऊ नये. मूल आधी आपल्या मांडीवर येईल, मग शेंगांची टरफले डब्यात भरू लागेल, आणि कधीतरी आपण उठून गेलो तरी त्याला कळणार नाही.